मावशीच्या खोलीतला दुसरा श्वास

पाण्याने आपलं ऐकलंच पाहिजे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो माझ्या मावशीचा नवरा. धामणगावच्या मालधक्क्यावर जन्मभर कापसाच्या गाठींवर ओरडून मावसाजी अकोल्याला जुन्या शहरात येऊन राहिले होते. निवृत्त माणसाने जपमाळ ओढावी, देवळाच्या पायरीवर बसून सुनांना नावं ठेवावीत, एवढी साधी रीत सोडून त्यांनी मासे पाळले. कारण मावशी. तिला दम्याने पलंगाला खिळवलं होतं, आणि दिवसभर छताकडे बघून ती विटली होती. म्हणून पलंगासमोर काचेची टाकी आली, तीत सोनेरी मासे आले, आणि चैत्र लागताच ते उकडून मेले. मावशी घरचं माणूस गेल्यासारखी रडली. त्या रडण्याने तिला धाप लागली, आणि मावसाजींनी पाण्याशी वैर धरलं.

टाकीत गार पाणी सारखं पडत राहायला हवं, म्हणजे जास्तीचं बाहेरही जायला हवं. काचेला भोक पाडायला गेले की काच तडकायची. मग त्यांनी पाण्याला काठावरून चढवून न्यायचं ठरवलं. टाकीच्या आत एक काचेची पेटी, बाहेर दुसरी, आणि दोन्हींत बुडालेली, काठावरून वाकलेली, पाण्याने भरलेली रबरी नळी. उंचावरच्या रांजणातून टाकीत धार लागे, जास्तीचं पाणी आतल्या पेटीत सांडे, नळीतून बाहेरच्या पेटीत उतरे आणि तिथून खिडकीच्या वाळ्याच्या ताटीवर जाई. मासेही गार, मावशीही गार. नळी एनिमाच्या भांड्याची होती. "नवी हाये," असं ते प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगत. पेट्यांची काच भिंतीवरच्या तसबिरींची. त्यात मावशीचे वडीलही उघडे पडले.

"माह्या बाबाची काच कावून काढली तुमी?" मावशी धापा टाकत म्हणाली.

"त्याईले आता काचीचं काय काम? तुह्यासाठीच देऊन राहिले ना ते."

नळी चालू करायची तर तोंडाने ओढावी लागे. मावसाजींनी किती शेवाळ गिळलं याला गणती नाही. वर स्वतःच केलेला चहा पिऊन तो फिका झाला म्हणून कुरकुरत.

सगळं जमलं, पण आतल्या पेटीला आवाज आला. पाणी खाली जाताना थोडी हवा ओढली जाई, मग जरा थांबून ती बुडबुडत सुटे. आत, थांबणं, बाहेर. मी तेव्हा अकोल्याला नोकरीला होतो आणि दुपारचा चहा मावसाजींकडे घेई. पहिल्यांदा त्या खोलीत शिरलो तेव्हा दारं-खिडक्या बंद, ताटीचा ओला अंधार, टाकीतला हिरवट उजेड, आणि कुणाचा तरी जड, घरघरता श्वास. मला वाटलं मावशी झोपली आहे. डोळे अंधाराला सरावले तर ती टक्क जागी, माझ्याकडे बघून हसत होती. आणि श्वास चालूच होता. दूधवालीने तर मावसाजींना विचारलंच, "तुमच्या घरात आनखी कोन झोपते जी?" त्यानंतर ती दूध ओसरीवरच ठेवून जाऊ लागली.

मावशीला मात्र तो आवाज मानवला. त्याच्या लयीत तिचा श्वास हळूहळू सावकाश होई आणि डोळा लागे. ती एकदा झोपली की दार उघडायची मनाई. गारवा जातो, झळ आत येते, तिची झोप मोडते. मावसाजी दाराला पाठ लावून ओसरीवर बसत आणि कान देऊन पहारा करत.

वैशाखातल्या एका दुपारी मी गेलो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चेहरा असा खुललेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

"हळू बोल. जेवल्यापासून एकदाही खोकलली नाई. आयक, कशी मस्त झोपून राहिली."

मी दाराला कान लावला. आत, थांबणं, बाहेर. किती बरं वाटलं मला. आम्ही दोघं तिथेच बसलो आणि मावसाजी कुजबुजत पुढच्या उन्हाळ्याचे बेत सांगत राहिले. टाकी मोठी करायची, मावशीला आवडतात तसे काळे मासे आणायचे.

दिवेलागणीला ते चहा घेऊन आत गेले, मागून मी. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "आज ताटीनं जास्तच गार केलं इले," ते म्हणाले, आणि पांघरूण तिच्या गळ्यापर्यंत ओढलं. मी पाहिलं आणि मला कळलं. त्यांना कळायला वेळ लागला, कारण पेटी श्वास घेतच होती.

शेजारी जमल्यावर कुणीतरी नळी काढायला पुढे झालं. मावसाजींनी त्याचा हात धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "दुपारभर मी या पेटीलेच आयकून राहिलो होतो."

मावसाजीही गेले. मी आता अमरावतीला असतो. दुपारी घरात कुणी शांत झोपलं असलं, बाहेर श्वास ऐकू येत असला, तरी मी दार उघडून आत जातो आणि छातीवर हात ठेवून बघतो. झोपमोड झाली म्हणून घरचे चिडतात. चिडू देत.