मस्कतमध्ये गहू सोडताना

परळच्या सरकारी इस्पितळात त्वचाविभागातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायोप्सीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आजी, हा डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस आहे."

मला त्यातलं फक्त 'आजी' ऐकू आलं. मी तेव्हा एकोणसाठची होते. सात वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हणजे तरुणच म्हणायची. मस्कतला मुलाकडे सून चार महिन्यांची गरोदर होती, तेव्हा तो हुद्दा मिळायला अजून अवकाश होता. समोर एवढा मोठा आजार उघडा पडलेला आणि मी एका शब्दावर रुसून बसले होते. तेव्हाची ती मी आज भेटले तर तिला दोन चापट्या देईन.

आजाराचं नाव लांब आहे, पण गोष्ट समजायला कठीण नाही. गहू, जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक चिकट होते ती त्याच्यामुळे. काहींचं शरीर त्यालाच शत्रू समजतं. लढाई आतड्यात चालते आणि खुणा कातडीवर उमटतात. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, पाठ, डोकं. बारीक फोड येतात, आणि नुसती खाज नव्हे, निखारा ठेवल्यासारखी आग होते. हा आजार कोणाला लागत नाही. पण तो जातही नाही, जन्मभर सांभाळायचा असतो.

त्याआधीचं वर्ष मी कसं काढलं तेही सांगते, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही. उष्णता समजून सब्जा प्यायले. खरूज समजून मलमं चोपडली. लालबागच्या आमच्या चाळीत लोक बघतील म्हणून लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले आणि शेजारणींना सांगितलं, सध्या हीच फॅशन आहे. बत्तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलेली बाई मी. कळेना तर विचारा, हे पोरांना रोज सांगत होते.

डॉक्टरीणबाईंनी डॅप्सोन नावाची गोळी दिली. ती सोसेल का हे बघायला आधी रक्ताच्या तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, "गोळी फक्त खाज झाकते. आजार आवरतं ते पथ्य, आणि त्याला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षंही. गहू म्हणजे एक कणही नको." एक लक्षात ठेवा: तपासण्या पुऱ्या व्हायच्या आधी मनानेच गहू बंद करू नका, नाहीतर आजार असून रिपोर्टात दिसत नाही.

मी मनात हसले. आम्ही मालवणकडची, भाताची माणसं. तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळ्या. गहू सोडायला मला काय होतंय?

मला घाई वेगळीच होती. मृणालला, माझ्या सुनेला, आई नव्हती. बाळंतपण मीच करायचं ठरलं होतं. आमच्यात बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतात. पाय पसरून बसायचं, बाळ नडग्यांवर आडवं घ्यायचं, तेल चोळायचं, कोमट पाणी घालायचं. माझ्या आईने माझ्या मुलाला असंच वाढवलं. आणि माझे गुडघे, नडग्यांचा वरचा भाग, कोपरं, सगळी फोडांनी भरलेली. डिलिव्हरीला पाच महिने होते. तेवढ्यात माझी कातडी बरी व्हायला हवी होती, बस्स.

मस्कतला गेले. गोळीने आठवड्याभरात आग थांबली. मृणालने स्वयंपाकघराची विभागणी केली: माझी भांडी वेगळी, कढई वेगळी, कालथा वेगळा. दुकानात प्रत्येक पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची. सोया सॉस बंद, बाजारची चटणी बंद. माझी भाजी-आमटी मीच करायचे, लालबागहून आणलेल्या मसाल्यात. तो मसाला समोर उभं राहून कांडून घेतलेला, त्यात गव्हाचा संबंध नाही, हे मी छातीठोकपणे सांगितलं आणि ते खरंही होतं.

दोन महिन्यांनी जिना चढताना दम लागायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उतरलं होतं, या गोळीने काहींचं उतरतं. त्यांनी गोळी निम्मी केली आणि पंधरा दिवसांनी बंदच. "पथ्य चाललंय ना? मग हळूहळू सावरेल," म्हणाले.

सावरलं नाही. चार दिवसांत कोपरं पेटली, मग गुडघे.

आता मी वागले ते लिहायला हात अडखळतो. मला वाटलं, मी तर एक कण खात नाही. मग गहू येतो कुठून? घरात पोळ्या कोण करतं? मृणाल साताऱ्याची, तिला पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. एका सकाळी ती लाटत असताना मी मागे जाऊन उभी राहिले.

"पोळ्या झाल्यावर हात साबणाने धुतेस, की गाऊनला पुसतेस?"

"धुते, आई."

"धुतेस तर मग हे काय?" मी बाही वर केली. "हे काय हवेतून आलं?"

तिने माझ्या कोपराकडे बघितलं. गॅस बंद केला. परातीतली उरलेली कणीक एका पिशवीत भरली आणि कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी घरात पिठाचा डबा नव्हता.

अभि, माझा मुलगा, संध्याकाळी म्हणाला, "आई, अगं सातवा महिना आहे तिला. तीन वेळा भात गिळतेय ती."

"मग मी काय पक्वान्नं खाते?" मी म्हटलं.

महिनाभर त्या घरात पोळी झाली नाही. मृणाल माझ्याशी नीट बोलायची, औषधाची वेळ सांगायची, फक्त माझ्यासमोर जेवायला बसायची नाही. आणि माझे फोड? जसेच्या तसे. तरी मला शंका आली नाही. मला वाटलं, बाहेर जाऊन खात असेल आणि तसेच हात घेऊन येत असेल. इतकी मी हुशार.

शेवटी मृणालनेच आहारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. त्या केरळच्या, हिंदी बोलायच्या. मी केलेली यादी त्यांनी वाचली. माझं अक्षर वळणदार, यादी दोन पानी. त्या म्हणाल्या, "अम्मा, ये तो चम्मच वाली चीज़ें हैं. चुटकी वाली कहाँ हैं?"

"म्हणजे?"

"जो चुटकी से डालते हो, वो सब लेके आओ. डिब्बा समेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही अख्खा मिसळणाचा डबा घेऊन गेलो. मीठ, हळद, मोहरी. त्यांनी एक-एक पुढे सरकवलं. मग एक छोटी स्टीलची डबी उचलली.

"इसका पैकेट?"

पाकीट लालबागलाच टाकलं होतं. विमानात वास सुटू नये म्हणून मी हिंग डबीत भरला होता आणि वर दोन पिशव्या गुंडाळल्या होत्या. घरात लेबल नसलेली तेवढी एकच वस्तू होती, आणि ती माझी होती.

बाईंनी समजावलं. शुद्ध हिंग फार उग्र. म्हणून बाजारात मिळतो तो बहुतेक मिसळलेला असतो, डिंक आणि पीठ घालून. पुष्कळदा ते पीठ गव्हाचंच. अभिने लालबागला फोन करून शेजारणीला त्याच दुकानात पाठवलं. तिने तशाच पाकिटामागचा फोटो पाठवला. मृणालने तो मोठा करून माझ्यापुढे धरला. पहिलाच शब्द गव्हाचं पीठ.

सकाळच्या आमटीत, दुपारच्या भाजीत, ताकाच्या फोडणीत. रोज, माझ्याच हाताने, माझ्याच वेगळ्या कढईत.

घरी येताना गाडीत मी ती डबी मांडीवर धरून बसले. मी वाट बघत होते, ती काहीतरी बोलेल. बोलायलाच हवं होतं तिने. घरी आल्यावर तिने डबी उघडली, वास घेतला आणि म्हणाली, "वास मात्र भारी आहे हां आई." आणि हसली. तिला हसताना बघून मला रडू फुटलं.

आमच्या पिढीत सुनेची माफी मागायचे शब्द कोणी शिकवले नव्हते. मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून विचारलं, पिठाला हात लावला तर चालेल का? त्या म्हणाल्या, पोटात जाता कामा नये, पीठ उडवू नका, नंतर हात नखांपर्यंत धुवा. मी अभिला पीठ आणायला लावलं. तोंडाला मास्क बांधला, खिडक्या उघडल्या आणि पोळ्या लाटल्या. भाताच्या माणसाच्या पोळ्या त्या, एकही गोल नाही. मृणाल बघून म्हणाली, "आई, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा?" पण तूप-गूळ लावून चार खाल्ल्या. माझ्यासमोर बसून.

"चुकलं गो बाय माझं," मी म्हटलं. तिने तोंडात घास असताना नुसती मान हलवली.

हिंग गेला म्हणून फोड आठवड्यात गेले नाहीत. कातडी आपल्या गतीने चालते. नात झाली तेव्हा माझे गुडघे तसेच सोललेले होते. ज्यासाठी आले, ते मला जमलं नाही. मी स्टुलावर बसून सांगायचे आणि मृणाल करायची: मान धर, पाणी कानात नको, आता पालथी घे. पहिल्या दिवशी ती प्रत्येक तांब्याला आधी माझ्याकडे बघायची. महिन्याभरात मी सांगायचं थांबवलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी आज या आजाराचा कागद हातात धरून बसलं असेल, तर दोनच गोष्टी. धीर धरा, पथ्याला खरंच महिने लागतात. आणि दुसऱ्याच्या हातांवर संशय घेण्याआधी आपल्या चिमटीत काय आहे ते बघा. मी आता लालबागला आले की दुकानदाराला पाकीट उलटं करून दाखवायला लावते. तो म्हणतो, "आजी आली, चष्मा आणा." आता मला राग येत नाही.

नात पाच महिन्यांची झाली तेव्हा माझे गुडघे कोरडे पडले, डाग राहिले, पण आग थांबली. मृणाल म्हणाली, "आज तुम्ही घाला." मी पाय पसरून बसले. तिने मुलगी माझ्या नडग्यांवर ठेवली.

मुलीने जो टाहो फोडला, तो पाणी संपेपर्यंत. तिला आईच्या हातांची सवय झालेली, माझे हात तिला परके. मला वाटलं, मृणाल आता पुढे येईल आणि लेकीला उचलेल. ती दारात टॉवेल धरून उभी होती. पुढे आली नाही.

"रडू दे, आई," म्हणाली. "तुमचे हात तिला कळायला दोन दिवस लागतील."