दोन तोंडांचा किडा

मी सासरी आले त्या वर्षी आमच्या गावात ज्वारी जवळजवळ कुणी पेरलीच नाही. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मामंजींनीही सगळं वावर कापसाला दिलं. अकोल्याचा दलाल बजावून गेला होता, कापूस पांढरा असेल तरच घेईन. तो विकला तर घरात धान्य येणार, नाहीतर वर्षभर खायचं काय?

बोंडं उकलली तसे लाल किडे आले. ते सरकीचा रस शोषतात आणि कापूस पिवळा पडतो. आम्ही बायका ते राखेच्या पाण्यात झटकून मारायचो. पण काही किड्यांना दोन तोंडं असत, एक पुढे, एक मागे. त्यांच्यासाठी मामंजींचा हुकूम वेगळा होता.

"दोन तोंडाच्याले हात नोका लावू. लक्ष्मीनं धाडले हायेत ते."

भाव चढला त्याच साली ते जास्त दिसले, एवढाच काय तो पुरावा. मला कुठली गोष्ट सुखासुखी पटते! दोन्हीकडून खातो तर हगतो कुठून, हा साधा प्रश्न मला सुटेना. शेवटी एक किडा वाटीखाली झाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी वाटी उचलली तर दोन किडे दोन दिशांना पळाले. मी एकटीच खुदकन हसले.

दलाल कापसाचा धागा भिंगातून बघत असे. ते भिंग आमच्या ह्यांनी एका दुपारपुरतं मागून आणलं. नराच्या शेपटाशी बारीक वाकडे आकडे होते आणि मादीच्या शेपटाशी ते अडकतील अशी फट. अगदी कडी-कोयंडा. मग तुरीवरचा हिरवा ढेकूण पाहिला, तर त्याची कडी निराळ्याच घडणीची. ह्याची कडी त्याच्या कोयंड्यात बसायचीच नाही. जातीजातीची कडी वेगळी कुणी घडवली? की आधी साधीच होती आणि पिढ्यान्‌पिढ्या थोडी थोडी वळत अशी झाली? ती दुपार मला फार लहान वाटली.

पण हे घरात बोलायचं कसं? ह्यांना सांगितलं तर ते कानापर्यंत लाल झाले.

"बापापुढं असं बोलू मी? तूच सांग."

सासऱ्यांसमोर मी पदर सरकू देत नव्हते, आणि किड्यांचा संसार त्यांना सांगू? मी गप्प राहिले. एकेकटे किडे मरत होते, जोड्या सुखात होत्या. आठ दिवसांत बोंडाबोंडावर लाल पिल्लं वळवळू लागली. तेव्हा कुठे मी वावरातच तोंड उघडलं.

"मामाजी, तो एक किडा नाई. दोन हायेत. नवरा-बायको."

मामंजींनी एक जोडी उचलून अलगद सोडवली. दोघेही त्यांच्या तळहातावर चालू लागले.

"कवा समजलं तुले?"

"आठ दिवस झाले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमची लाज वाटली."

मामंजींनी तळहातावरचे दोन्ही किडे राखेच्या पाण्यात झटकले.

दलालाने निम्मा कापूस नाकारला. त्या हिवाळ्यात आम्ही एकच वेळ जेवलो. मामंजींनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. घरात पुरुष आधी जेवत. ते रोज ताटात चतकोर भाकर मुद्दाम ठेवून उठत, आणि मागून मी जेवायला बसले की ती माझ्या घशाखाली उतरत नसे.