आरशासमोरचा फौजदार

कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या मालकांना सगळी गल्ली फौजदार म्हणते. पोलीसखात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की कबुलीजबाब घेतल्याशिवाय ते कपडा ताब्यात घेत नाहीत. शर्ट काउंटरवर पडला की चष्मा कपाळावर जातो आणि प्रश्न येतो, "डाग कसला?"

"चहाचा असेल..."

"असेल? शर्ट तुमचा, अंग तुमचं, आणि काय सांडलं ते मी शोधू?"

यात धंद्याची बाजूही आहे. चहाचा डाग नि शाईचा डाग एकाच औषधानं निघत नाही. गिऱ्हाईक खोटं बोललं की कपडा हातचा जातो. पण खरं बोलणाऱ्याचाही पाणउतारा काही चुकत नाही.

फौजदार ओरडत असले की घर निर्धास्त असतं. खरे दुखावले की ते गप्प होतात. धाकट्या भावानं एकदा चारचौघांत त्यांची नक्कल केली, तेव्हापासून भावाशी अबोला, तो आजतागायत. भावाच्या मुलीला मात्र त्यांनी जीव लावला. शाळा सुटली की ती लाँड्रीतच गठ्ठ्यांवर बसून अभ्यास करायची. त्या पुतणीनं आता सिनेमा लिहिला होता. विनोदी. नायक लाँड्रीवाला, आणि इतका खडूस की पडद्यावरचा कुत्राही त्याला बघून रस्ता बदलतो.

पहिल्या खेळाला फौजदार मधे, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला पुतणी, मागच्या रांगेत निम्मी गल्ली. पुतणीचं लक्ष पडद्यापेक्षा काकांकडेच. बापाशी धरला तसा काकांनी आपल्याशीही अबोला धरला, तर?

पडद्यावर नायकानं एका नवरदेवाकडून, भावी सासऱ्याच्या देखत, डागाची कबुली वसूल केली. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. फौजदारही हसले.

"काय नग आहे! असला माणूस मी दुकानात उभा केला नसता."

मागच्या रांगेला एकाएकी खोकला आला.

मग आरशाचा प्रसंग आला. सकाळची वेळ. नायक गालाला फेस लावून आजच्या दिवसाचे टोमणे घोटून घेतोय आणि समोर त्याची बायको गिऱ्हाईक होऊन उभी. "आज कोण आहेस?" तो विचारतो. "बँकेतली आगाऊ बाई," ती म्हणते, आणि त्याला असं काही झापते की गालावरचा फेस तसाच वाळतो.

सगळे पोट धरून हसत होते. फौजदारांचं हसू अर्ध्यात थांबलं. ही तालीम जगात एकाच घरात होते, आणि तिला माणसं दोनच असतात.

ते उठले. अंधारात कुणाच्या तरी पायावर त्यांचा पाय पडला. "आई गं!" कुणीतरी ओरडलं, तरी फौजदार त्याच्यावर खेकसले नाहीत. पुतणी आणि काकू मागोमाग धावल्या.

बाहेर ते दाराकडे पाठ करून उभे होते. पुतणीनं तोंड उघडलं. "काका, मी..."

त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"तू सांगितलंस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"हो, मीच."

"का?"

काकू मागे हटल्या नाहीत. "अहो, इतकी वर्षं मी एकटीच हसतेय. एवढं हसू एकटीनं कुठवर पुरवून खायचं? कुणाला तरी द्यावंसं वाटलं."

फौजदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्या नटीला नीट सांगायचंस तरी," ते अखेर म्हणाले. "आगाऊ बाई झालीस की तू कमरेवर हात ठेवतेस. ती ठोंब्यासारखी हात बांधून उभी!" मग पुतणीकडे वळून, "आणि तू गं? गठ्ठ्यांवर बसून हेच शिकलीस?"

पुतणी रडतही होती, हसतही होती. एवढ्यात आतून हास्याचा मोठा लोट आला. फौजदार चमकले. दाराला कान लावला.

"आता काय बोललो असेन मी?" असं म्हणत त्यांनी दार ढकललं.