जांभळाच्या वाइनचे आचमन

आता जे सांगतो आहे, ते मी देवघरातही कधी मोठ्याने उच्चारलेले नाही. संध्येला बसलो की ओठांपर्यंत येते — आणि मी घाईने पुढचा मंत्र सुरू करतो. पण तुम्ही आपले माणूस आहात. बसा.

बदलापुरात वाइन चाखण्याचा कार्यक्रम झाला, असे म्हटले तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. सुनंदा माझी शाळेतली विद्यार्थिनी, संस्कृतात नेहमी पहिली. अंबरनाथच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी सोडून तिने रीतसर परवान्याने जांभळाची वाइन करायला घेतली, कुळगावात एक हॉल ठरवला आणि दीपप्रज्वलनासाठी मला बोलावले. फसवले का तिने? छे! दारातच म्हणाली, "सर, ही वाइन आहे हं, सरबत नाही. दिवा लावा, आशीर्वाद द्या आणि सुटा."

मी सुटलो नाही. आपल्या गावच्या फळाला ही कोणती गती प्राप्त झाली, ते पाहावे — हे कुतूहल होते, की लोभ? रीत अशी, की पेला हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. थुंकायचा! आणि दहाजणांच्या हातांतून फिरलेला पेला ओठाला तरी कसा लावावा? माझा उजवा तळहात आपोआप गाईच्या कानासारखा वळला आणि पुढे झाला. सुनंदा हसू दाबत म्हणाली, "सर, अल्कोहोल आहे, बरं का!" मी मान डोलावली, प्राशन केले आणि — काय सांगू — सवयीने ओला हात मस्तकावरून फिरवला.

ते पाहून मागच्या चार निवृत्त गृहस्थांनीही भक्तिभावाने हात पसरले. उल्हासनगरचे एक सिंधी कापडव्यापारी ओरडले, "अरे साईं, थूकना है, थूकना! ये कथा का प्रसाद नहीं है!" मी पाचही प्रकारांचे आचमन केले. तिसऱ्याचे दोनदा. उत्तम होती, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराचे कार्यवाह दारात. दर रविवारी तिथे माझे प्रवचन असते. त्यांच्या मोबाइलवर मी होतो — डोळे मिटलेले, हात डोक्यावर.

"गुरुजी, हे काय? रविवारी लोकांसमोर कसं बसवू तुम्हाला?"

"मला सरबत वाटले," मी म्हणालो.

"म्हणजे तिनं सांगितलं नाही?"

खरे बोलायला कितीसा वेळ लागतो? पण मला व्यासपीठ दिसत होते, त्यावरची माझी गादी दिसत होती — "नाही," मी म्हणालो.

म्हाताऱ्या गुरुजींना फसवून दारू पाजणारी बाई! दोन दिवसांत ही वार्ता इमारतीइमारतीत पोचली. हॉलवाल्याने तिचे पुढचे कार्यक्रम नाकारले. बायकांनी तिला हळदीकुंकवालाही बोलावणे सोडले. ती घरी आली, तेव्हा वाटले, आता भांडेल. ती पाया पडली. "माझंच चुकलं, सर. मोठ्यानं सांगायला हवं होतं. तुम्हाला हल्ली कमी ऐकू येत असेल."

आणि मी — "कमीच येते," म्हणालो.

तेव्हापासून मी बहिरा आहे. मुलाने महागडे यंत्र आणले. ते कानात घातले की शेजारच्यांची फोडणीसुद्धा माझ्या डोक्यात तडतडते. लोक माझ्याशी ओरडून बोलतात, आणि माझ्यासमोरच एकमेकांत म्हणतात, "आज फारच लांबवलं बाई गुरुजींनी." मी प्रसन्नपणे हसतो.

सुनंदाने वाइन बंद केली. पुन्हा कारखान्यात जाते, पूर्वीपेक्षा खालच्या जागेवर. रविवारी मात्र प्रवचनाला येते. गेल्या खेपेस विषय सत्याचा होता. मी तासभर बोललो. नंतर ती नमस्काराला वाकली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "सर, ऐकू येतं ना तुम्हाला?"

मी कानामागे हात नेला. "काय म्हणालीस?"

"काही नाही, सर!" ती मोठ्याने म्हणाली आणि चपला शोधायला गेली.

मला स्वच्छ ऐकू येते. त्या दिवशीही येत होते.