सकाळची थुंकी

आमच्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत उंदरांचं सगळं वैजयंतीताई बघतात. पिंजरे, खाणं, इंजेक्शनं, कॅन्सरच्या गाठींची मापं. मूळच्या नागपूरच्या, एरवी तोंडाच्या फटकळ. पण उंदीर हातात आला की मास्कच्या आतही ओठ घट्ट मिटून घेतात. मला वाटायचं, काहीतरी सोवळ्याचं खूळ असेल.

यंदा मी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क काढून तो गाठीवर काय परिणाम करतो ते बघत होते. काही उंदरांना अर्क, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या बाटलीत काय, हे इंजेक्शन देणाऱ्याला सांगायचं नसतं. ताई मात्र सारख्या विचारायच्या, "लाळेची बाटली कुठली गं?"

"ताई, सांगितलं तर अख्खं एक्स्पेरिमेंट फुकट जाईल!" एकदा मी चिडलेच.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलाच्या, सुयशच्या खांद्यावर पुळीसारखं काही आलं होतं. पुळीला सकाळची शिळी थुंकी लावतात, त्यांच्या आईनंही लावलेली. ताई रोज चूळ भरायच्या आधी लावत राहिल्या. ती पुळी नव्हती, कॅन्सरची गाठ होती. सुयश आठ वर्षांचा असतानाच गेला.

"उंदराची गाठ मोजताना मला सुयशचा खांदा दिसतो गं. माझ्याच लाळेवर पोसली का ती?"

त्यानंतर मलाही त्या पिंजऱ्यांकडे नीट बघवेना.

निकाल आला. अर्क दिलेल्या उंदरांच्या गाठी जास्त वाढल्या होत्या. ताईंना हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मी ओळखीच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारून आले आणि ताईंना चहाला घेऊन बसले.

"ताई, हा उंदराच्या ग्रंथी वाटून काढलेला अर्क, तोही सुईनं आत दिलेला. वरून बोटानं लावलेल्या थुंकीनं अशी गाठ वाढत नाही. डॉक्टरांनीच सांगितलं."

सुटल्या बिचाऱ्या, असं मला वाटलं. स्वतःवर जरा खूशही झाले.

ताईंनी कप खाली ठेवला.

"काहीच होत नाही?"

"काहीच नाही."

"इतकी वर्षं मी लाळेला दोष देत होते, शाल्मली," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी नुसतीच थुंकी लावत बसले, आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचे दिवस निघून गेले."