सिल्चेस्टरला केलेलं भाषांतर

आईला घेऊन मी सिल्चेस्टरला गेले, तेव्हा तिच्याशी खोटं बोलायला लागून मला तीन आठवडे झाले होते.

झालं असं की हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी सगळं सरळ सांगितलं. स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ आहे, ती यकृतापर्यंत पोचली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. केमो घेतली तर काही महिने वाढतील, नाही घेतली तरी चालेल, ते तुमच्या आईंनी ठरवायचं. आणि भारतात जायचं असेल तर पुढच्या सहा आठवड्यांत जाऊन या, नंतर प्रवास झेपणार नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "पोटात छोटी गाठ आहे आई. सलाइनमधून औषध देतील, जाईल." आणि लगेच डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत सांगितलं, ती केमोला तयार आहे. दोन्ही वाक्यं एका दमात बोलले. आईनं त्याच संध्याकाळी नागपूरला धाकट्या मावशीला फोन केला, "यंदा उन्हाळ्यात जमत नाही गं, बरी झाले की थंडीत येते." मी शेजारीच चहा पीत बसले होते.

भावाचंही तेच म्हणणं पडलं. "ताई, आईला काही सांगू नकोस, ती खचेल." आमच्याकडे असंच करतात. आजोबांना सांगितलं नव्हतं, मोठ्या मावशीला सांगितलं नव्हतं. दोघंही शेवटपर्यंत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत राहिले. त्यात पुन्हा आम्ही आंबेडकरी, प्रश्न विचारा म्हणून जगाला सांगत फिरणारे. दर रविवारी सकाळी आई वंदना पुढे म्हणते, मी मागे म्हणते. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तीन रविवार मी ते खणखणीत आवाजात म्हटलं. लाज वाटत होती, पण आवाज काही बारीक झाला नाही.

गुरुवारी पहिली केमो होती. त्याआधी तिचा एक दिवस तरी छान जावा, असं मला वाटत होतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायची. ब्रॅकनेलच्या आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर रोमन लोकांचं एक अख्खं शहर पुरलेलं आहे आणि रविवारी तिथे जाणकार माणूस माहिती देतो, असा कागद लायब्ररीत लावला होता. पंधरा वर्षं इथे राहून आईला बसमधलं आणि दुकानातलं इंग्रजी येतं, उतरताना ड्रायव्हरला थँक्यूऐवजी 'चिअर्स' म्हणते. पण कोणी चार वाक्यं सलग बोललं की ती माझ्याकडे वळते. मी आहेच, असं मला तेव्हा मोठ्या ऐटीत वाटायचं.

त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. गाइड सत्तरीचे, उन्हानं रापलेले, हातात काठी. वीस उन्हाळे त्यांनी याच जागी उत्खनन केलं होतं. आईनं त्यांना हात जोडून नमस्कार केला, त्यांनी टोपी काढली, आणि दोघांचं जमलं.

"शहर कुठाय गं?" आई म्हणाली. प्रश्न बरोबर होता. समोर नुसतं माळरान, त्यात पाच-सहा गाई, आणि भोवती दूरपर्यंत वळत गेलेली गारगोटीची भिंत, माणसाहून उंच. वारा नव्हता. भिंतीवर कावळे बसले होते आणि आम्ही जवळ गेलो तरी उडत नव्हते.

भिंतीच्या वर चढल्यावर गाइडनी काठीनं खाली दाखवलं. त्या वर्षी पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. जुन्या भिंती आणि रस्ते जिथे पुरलेले आहेत तिथे मातीचा थर पातळ, त्यामुळे तिथलं गवत आधी वाळतं. बघता बघता मला ते दिसायला लागलं. हिरवट रानात पिवळ्या सरळ रेघा, रेघांना काटकोनात रेघा. "अगं, हा चौक!" आई माझ्याआधी म्हणाली. "ही गल्ली. हे घर." कोणी खणलं नव्हतं, तरी ते आपलं आपण वर येत होतं. मला तिथे उभं राहवेना.

गाइड सांगत गेले, मी मराठीत सांगत गेले. ते म्हणाले, हे शहर जळलं नाही, कोणी लुटलं नाही, ते हळूहळू आतून संपलं. बाकीच्या बहुतेक रोमन शहरांवर आज गावं आहेत. इथे पुन्हा कोणी राहायला आलं नाही. मी सांगितलं, "जुनं शहर आहे, मग लोक दुसरीकडे गेले." ते म्हणाले, शेवटी इथल्या विहिरी बुजवल्या गेल्या, काही तर मुद्दाम बुजवल्यासारख्या वाटतात; तळाशी फोडलेली भांडी मिळाली, मारलेल्या कुत्र्यांची हाडं मिळाली. मी सांगितलं, "विहिरीत भांडी सापडली." मरणाचा वास असलेलं काहीही मी आता आपोआप गाळत होते. रोमन कुत्र्यांच्या मरणानं आईला काय होणार होतं, कुणास ठाऊक, पण मी तेही गाळलं.

"डॉग म्हणाले ना ते?" आई म्हणाली.

"हो, कुत्रीपण होती."

आईनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना विचार, इथल्या लोकांना माहीत होतं का, आपलं गाव संपत चाललंय ते."

मी विचारलं. गाइडनी टोपी काढली आणि बराच वेळ बोलले. नक्की कोणालाच माहीत नाही, म्हणाले. पण काहींना कळलं असावं, ते लवकर निघाले. काही राहिले. मोठमोठ्या घरांतल्या एकाच खोलीत राहिले, नक्षीच्या फरशीवर चुली पेटवून. तसे काळे डाग मी स्वतःच्या हातांनी साफ केलेत, म्हणाले. रस्ते पुढे बराच काळ चालू होते. वेळेत निघाले ते कुठे ना कुठे पोचले असतील. जे उशिरा निघाले त्यांचा विचार माझ्या मनात फार येतो.

"माहीत नव्हतं म्हणतात," मी आईला सांगितलं.

"एवढंच?"

"हो."

आईनं गाइडकडे पाहिलं. टोपी अजून त्यांच्या हातातच होती. "टोपी काढून एवढंच बोलले?" ती म्हणाली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाईपण खूप वेळ बोलत होत्या. मध्येच त्यांनी टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवला. छोट्या गाठीला कोणी टिश्यू देतं का गं?"

गाइडना काय समजलं कोण जाणे, ते काही न बोलता पुढे चालू लागले. आई भिंतीच्या एका ढासळलेल्या भागावर बसली आणि म्हणाली, "आता सांग. त्या बोलल्या तसंच."

मी सांगितलं. कॅन्सर म्हणाले, यकृत म्हणाले, महिने म्हणाले. केमो तिनं ठरवायची होती हे सांगितलं, आणि शेवटी सहा आठवड्यांचंही सांगितलं.

"सहातले तीन गेले," आई म्हणाली.

"तू खचशील म्हणून गं, आई."

"खचले असते. मग उठून तिकीट काढलं असतं." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "धाकटीला मी थंडीत येते म्हणून सांगितलं. तू तिथेच बसली होतीस."

मी रडत होते. तिनं मला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "भाषांतराला दुसरं कोणी मिळतं का त्या हॉस्पिटलमध्ये?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फोनवर मराठी बोलणारा माणूस लावून देऊ. गरज नाही, मी मुलगी आहे, असं मीच म्हटलं होतं.

"मग गुरुवारी तू बाहेर बस," आई म्हणाली आणि पदर सारखा करून उठली.

गाइड पुढे जुन्या वेशीपाशी थांबले होते. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, इथेच थांबू या का? आई तिच्या बसमधल्या इंग्रजीत म्हणाली, "नो, नो. प्लीज. टेल." त्यांनी वेशीबद्दल सांगायला सुरुवात केली. आई त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्या ओठांकडे, काठीकडे, हातांकडे बघत होती. मी दोन पावलं मागे, ओठांवर मराठी वाक्य तयार ठेवून. ते खूप वेळ बोलले. त्यातलं तिला किती कळलं, मला माहीत नाही. तिनं एकदाही वळून मला विचारलं नाही.