ताडपत्रीखालचे बोंबील

फोटोत काहीही बदलणं म्हणजे खोटं बोलणं, असं मी ठामपणे मानायचे. म्हणून शेजारच्या मावशींच्या सुक्या बोंबलांचे फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न सुधारलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढले आणि रंगांना हात न लावता त्यांच्या विक्रीच्या ग्रुपवर टाकले. निळ्या ताडपत्रीखालचे बोंबील निळसर, शिळे दिसले. दोन दिवस कुणीच मागणी केली नाही.

"माझा माल असा कुजका हाय व्हय गो?" मावशी चिडल्या.

रॉमध्ये रंग आपणच ठरवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. मावशींनी खरा बोंबील स्क्रीनशेजारी धरला. मी फोटोतला निळे-पिवळेपणा कमी-जास्त करणारी व्हाइट बॅलन्सची पट्टी सरकवत गेले.

"अजून पिवला. हां, बास!"

असे चाळीस फोटो होते. पहिल्यातच बोंबील धरून त्यांचा हात भरून आला, माझे डोळे चुरचुरले. आम्ही दुसरा फोटो उघडला.